सांगलीचा सुटा बेदाणा: हिरवा, पिवळा की तपकिरी?

सांगलीच्या बाजारात सुटा बेदाणा घ्यायला गेलं की हिरव्या-पिवळ्याचे ढीग पुढे मांडलेले असतात आणि तपकिरी कडेला असतो. रोजच्या खाण्यासाठी घ्यावा तो कडेचा.

तिन्ही माल एकाच बागेतले असू शकतात. किलोभर बेदाण्याला साधारण ४ किलो द्राक्षं लागतात. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात बुडवून शेडमधल्या जाळीच्या रॅकवर पसरतात. ऑईलने मण्यावरच्या मेणाचा थर सैल होतो, पाणी झटकन उडतं आणि पंधरवड्यात माल तयार होतो. नीट सावलीत वाळला तर हिरवा राहतो. पिवळ्याला गंधकाची धुरी द्यावी लागते. अवकाळी पाऊस आला, हवा दमट राहिली, की वाळणं लांबतं आणि मणी तपकिरी पडतो. बुरशी लागली नसेल तर गोडी फारशी जात नाही, दर मात्र पडतो.

हे शेतकऱ्याला फार महागात जातं. तासगाव, कवठे महांकाळ, जत हा दुष्काळी पट्टा. म्हैसाळ योजनेत कृष्णेचं पाणी पंपाने टप्प्याटप्प्याने वर चढवतात, आणि तेही पुरलं नाही तर बागेला टँकर लावावा लागतो. हे पाणी, ही वीज तपकिरी मण्यातही तेवढीच मुरलेली असते. हिरवा रंग टिकवायला माल महिनोन्महिने कोल्ड स्टोरेजमध्ये राहतो, ती वीज आणखी वेगळी. हे सगळं आपल्या डोळ्यांना बरं दिसावं म्हणून!

तपकिरी घ्यायचा म्हणजे कसाही नव्हे. मूठभर दाबून सोडा. मणी सुटे झाले पाहिजेत, गोळा राहिला तर ओल जास्त आहे. आंबूस वास आला तर घेऊ नका. अंगावर पांढरं दिसलं तर दोन मणी कोमट पाण्यात टाका: खडे विरघळले तर ती साखर, लव राहिली तर बुरशी. एक मणी चावून बघा, कचकच लागली तर माती आहे. पिवळ्याचा डबा उघडताच नाकाला झोंबलं तर ते गंधक; दमा असलेल्यांनी तो टाळावाच.

खाण्याआधी कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवून चोळून धुवा, पण लागेल तेवढाच. धुतलेला साठवला तर आंबतो. उरलेला घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. हिरवा बाहेर ठेवल्यावर उन्हाळ्यात तपकिरी होतो, तो बिघडला म्हणून टाकून देऊ नका.

शिरा, लाडू, खीर यांना तपकिरी उत्तम. चिवड्यासाठी तळताना फुगला की लगेच काढा, क्षणात करपून कडू होतो. हिरवा घ्यायचाच तर श्रीखंडावर पेरण्यापुरता, शंभर ग्रॅम. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण सुट्या ढिगावर गावाचं नाव बहुधा नसतं. माल कुठला आणि कोणत्या हंगामाचा, हे दुकानदाराला विचारूनच वजन करायला सांगा.