व्हेस्टा: पॉलिहेड्रलचं बटण दाबा, मग सॉलिड स्टेट वाचायला घ्या

एम.एस्सी.ला सॉलिड स्टेट केमिस्ट्री किंवा मिनरॉलॉजी असलेल्या प्रत्येकाने व्हेस्टा, म्हणजे स्फटिकाची आतली रचना त्रिमितीत दाखवणारं सॉफ्टवेअर, उतरवून घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. जपानच्या कोइची मोम्मा आणि फुजिओ इझुमी यांनी बनवलेलं आहे, अभ्यासासाठी फुकट, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, विंडोजवर तर झिप उघडायची आणि सुरू करायचं, बाकी काही भानगड नाही. क्रिस्टलोग्राफी ओपन डेटाबेसवरून सीआयएफ फाईल (स्फटिकात कुठला अणू कुठे आहे ते लिहिलेली) घ्यायची, तीही फुकट, आणि व्हेस्टात ओढून टाकायची.

फाईल उघडली की आधी गोळे आणि काड्या दिसतात. तिथे थांबू नका. डाव्या बाजूला स्टाइलमध्ये पॉलिहेड्रल निवडा. आता मधल्या धातूच्या भोवती जेवढे ऑक्सिजन आहेत ते जोडून एक भरीव आकार तयार होतो, ऑक्टाहेड्रॉन (सहा कोपऱ्यांचा) नाहीतर टेट्राहेड्रॉन (चार कोपऱ्यांचा), आणि खरी गोष्ट इथून सुरू होते, कारण आता तुम्ही सुटे अणू बघत नसता, हे आकार एकमेकांना कोपऱ्याला जोडलेत, कडेला जोडलेत की अख्खा फेस, म्हणजे सपाट बाजू, वाटून घेतलाय ते बघत असता.

पहिली फाईल रुटाइलची घ्या, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. युनिट सेल, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा सगळ्यात छोटा ठोकळा, लहान आहे, त्याच्या बाजू a 4.59 आणि c 2.96 आंगस्ट्रॉम, नुसता तेवढाच बघितला तर काही कळत नाही. किती सेल दाखवायचे ते ठरवणाऱ्या बाउंड्रीच्या खिडकीत जाऊन x, y 0 ते 2 आणि z 0 ते 3 करा. लगेच c दिशेला TiO₆ ऑक्टाहेड्रॉनच्या सरळ साखळ्या दिसतील, साखळीत शेजारी शेजारी कड वाटून घेतात, आणि एक साखळी दुसरीला फक्त कोपऱ्याने धरते. आता अंतर मोजायचं टूल घ्या आणि दोन दोन अणूंवर क्लिक करा. साखळीतले दोन टायटॅनियम 2.96 वर, कोपऱ्याने जोडलेले 3.57 वर. मग ऑक्सिजन मोजा: वाटून घेतलेली कड 2.53 ची, आणि त्याच ऑक्टाहेड्रॉनची c ला समांतर असलेली, न वाटलेली कड 2.96 ची. एवढा फरक का? दोन टायटॅनियम जवळ आले की त्यांचे धन प्रभार एकमेकांना ढकलतात आणि मधले ऑक्सिजन आत ओढले जाऊन ते ढकलणं थोडं झाकतात. केमिस्ट लिनस पॉलिंगने 1929 मध्ये हेच सांगितलं होतं, की कड आणि त्याहून जास्त फेस वाटला की रचना कमी स्थिर होते. पुस्तकात ही एक ओळ असते, पाठ होते आणि विसरली जाते. स्वतः मोजलं की राहते.

फॉर्म्युलासुद्धा इथूनच निघतो आणि हे मला सगळ्यात जास्त आवडतं. रुटाइलमध्ये ऑक्टाहेड्रॉनला सहा ऑक्सिजन आणि प्रत्येक ऑक्सिजन तीन ऑक्टाहेड्रॉनचा, म्हणून एका टायटॅनियममागे 6 भागिले 3, TiO₂. रेनियम ट्रायऑक्साइडमध्ये प्रत्येक कोपरा फक्त दोघांत, 6 भागिले 2, ReO₃. क्वार्ट्झमध्ये टेट्राहेड्रॉन, 4 भागिले 2, SiO₂. ReO₃ च्या मधल्या पोकळीत एक मोठा आयन बसवला की पेरोव्हस्काइट नावाच्या ABO₃ रचनेचा सांगाडा मिळतो. स्ट्रॉन्शियम टायटॅनेट आणि कॅल्शियम टायटॅनेट दोन्ही फाईल एकामागे एक उघडा, पहिल्यात Ti-O-Ti कोन सरळ 180, दुसऱ्यात 156 च्या आसपास, कारण कॅल्शियम लहान पडतो आणि ऑक्टाहेड्रॉन तिरके होऊन जागा आवळून घेतात. जोडणी तीच, नुसता झुकाव.

बॅटरीवाल्यांनी लिथियम कोबाल्ट ऑक्साइड आणि लिथियम आयर्न फॉस्फेट शेजारी ठेवून बघावं. पहिल्यात CoO₆ कडांनी जोडून सपाट थर होतात आणि लिथियम दोन थरांच्या मधून फिरतो, दुसऱ्यात FeO₆ आणि PO₄ मिळून b दिशेला बोगदे करतात आणि लिथियमला जायला यायला तीच एक दिशा.

आता जपायची गोष्ट. पॉलिहेड्रॉन काढायचं म्हणजे कुठपर्यंतचा शेजारी बंधात धरायचा हे ठरवणं, आणि ते बॉंड्सच्या खिडकीतल्या जास्तीत जास्त अंतरावरून ठरतं. लँथेनम कुप्रेट घ्या, La₂CuO₄. तांब्याला चार ऑक्सिजन 1.90 वर आणि दोन वर-खाली साधारण 2.4 वर. मर्यादा 2.2 ठेवली तर सपाट चौकोन दिसतात, 2.6 केली तर लांबट ऑक्टाहेड्रॉन. फाईल तीच, चित्र दोन. म्हणून रिपोर्टमध्ये चित्र टाकताना मर्यादा किती धरली ते खाली लिहाच. पॉलिहेड्रॉनवर क्लिक केलं की खालच्या पट्टीत त्याचं आकारमान आणि किती वाकडा आहे त्याचे आकडे येतात, तेही वाचत जा. सेलच्या कडेला अर्धवट आकार दिसत असतील तर बॉंड्सच्याच खिडकीत बाउंड्रीच्या बाहेरचे अणू शोधायचा पर्याय असतो, तो निवडा.

कमी काय? मोबाइलवर नाही, आणि मॅन्युअल चांगलं असलं तरी नवख्या मुलाला जड आहे, कुणीतरी शेजारी बसून पहिल्या दोन फाईल दाखवल्या तर फार बरं पडतं. चित्र मात्र छपाईलायक बाहेर काढता येतं.

पुण्याच्या मुलांनी कॅव्हनसाइट या खनिजाची फाईल नक्की उघडावी. वाघोलीच्या खाणींतले याचे निळे गुच्छ जगभरच्या संग्रहांत आहेत. आत सिलिकाच्या टेट्राहेड्रॉनचे थर, त्यांत चार-चार आणि आठ-आठ टेट्राहेड्रॉनची कडी, आणि थरांना जोडायला VO₅ चे चौकोनी पिरॅमिड, ज्यात एक ऑक्सिजन एकदम जवळ आणि चार लांब. पाण्याचे रेणू पोकळ्यांत बसलेत. व्हॅनेडियमचा रंग निळा ठेवा आणि मॉडेल गोल फिरवा, पिरॅमिड कुठल्या थराला कसे धरतात ते अर्ध्या मिनिटात कळतं.