अमेरिकेच्या सुरुवातीच्या इतिहासाची फ्लॅशकार्डं : शाळेचं वर्षभर वापरून झाल्यावर

लेकीने अकरावीला 'एपी यूएस हिस्टरी' (अमेरिकी शाळांतला कॉलेजच्या पातळीचा इतिहासाचा विषय) घेतलं, तेव्हा सप्टेंबरातच हा डबा मागवला. वसाहतींच्या स्थापनेपासून राज्यघटनेपर्यंतच्या संज्ञा आहेत. कार्डाच्या पुढे नाव, मागे साल आणि तीन-चार ओळींची माहिती. आम्ही न्यू जर्सीत राहतो, पण माझी शाळा नाशिकची. त्यामुळे पेशवाई पाठ आणि इथला इतिहास जवळजवळ कोरा. साहजिकच डबा तिच्याइतकाच मीही वापरला.

कागद जाड आहे, मे महिन्यातल्या परीक्षेपर्यंत कडा टिकल्या. मागचं अक्षर मात्र फार बारीक.

पैसे वसूल होतात ते १७६३ ते १७७५ या भागात. फ्रान्सविरुद्धचं युद्ध १७६३ मध्ये संपलं, ब्रिटनच्या डोक्यावर कर्ज झालं, म्हणून वसाहतींवर कर बसवणारे १७६४ चा शुगर ॲक्ट (साखर वगैरेंवर) आणि १७६५ चा स्टॅम्प ॲक्ट (छापील कागदांवर) आले. वसाहतींनी ब्रिटिश मालावर बहिष्कार घातला, तेव्हा १७६६ मध्ये स्टॅम्प ॲक्ट रद्द झाला. पण त्याच दिवशी डिक्लेरेटरी ॲक्ट मंजूर करून पार्लमेंटने 'वसाहतींसाठी वाटेल तो कायदा करायचा हक्क आमचाच' असं बजावून ठेवलं. १७६७ च्या टाउनशेंड करांचंही (वसाहतींत आयात होणाऱ्या मालावरचे कर) तेच. १७७० मध्ये बाकीचे उठवले, चहावरचा ठेवला. ही कार्डं जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडली तेव्हा लेक म्हणाली, "आई, हे लोक दर वेळी पैसे सोडतात, पण हक्क सोडत नाहीत." पुढे निबंधांत तिला हाच धागा कामी आला. एकेक कार्ड सुटं पाठ करून तो हाती लागला नसता.

आणि इथेच सगळ्यात घोळ घातलेलं कार्डही आहे : टी ॲक्ट, १७७३. मागे लिहिलंय की चहावर नवा कर बसवला म्हणून वसाहती भडकल्या. साफ चूक. पौंडामागे तीन पेन्सचा कर आधीपासूनच होता. या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीला मधल्या व्यापाऱ्यांना वगळून वसाहतींत थेट चहा विकायची मुभा मिळाली, आणि चहा उलट स्वस्त झाला. भडका उडाला तो यामुळे की स्वस्त चहा घेतला म्हणजे पार्लमेंटचा कर बसवायचा हक्क मान्य केल्यासारखं झालं असतं. शिवाय स्थानिक व्यापारी आणि डच चहा चोरून आणणारे, दोघांच्याही पोटावर पाय येत होता. १६ डिसेंबर १७७३ ला बोस्टनच्या बंदरात निदर्शकांनी चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात फेकल्या.

ती कंपनी आपल्या चांगल्याच ओळखीची. तिचं दिवाळं निघायची वेळ आली होती, लंडनच्या गोदामांत चहा पडून होता. तिला सावरायला आणि वेसण घालायला पार्लमेंटने त्याच वर्षी टी ॲक्टच्या जोडीला रेग्युलेटिंग ॲक्टही केला. तोच तो, वॉरन हेस्टिंग्जला गव्हर्नर-जनरल करणारा, आपण शाळेत घोकलेला. त्याच ऑगस्टात शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. हे कार्डावर नसणार हे उघड आहे, पण लेकीला १७७३ साल त्यामुळे कायमचं लक्षात राहिलं.

सतराव्या शतकाचा भाग मला फसलेला वाटतो. कार्डं वर्णानुक्रमे लावलेली आहेत. त्यामुळे 'बेकन्स रिबेलियन' सुरुवातीला, 'इंडेंचर्ड सर्व्हंट' मध्ये आणि 'स्लेव्ह कोड' शेवटी. खरं तर व्हर्जिनियात या तिन्ही गोष्टी एकमेकींना चिकटलेल्या आहेत. तंबाखूच्या शेतीला माणसं हवीत म्हणून करारावर बांधलेले गोरे मजूर आणले. मुदत संपल्यावर त्यांना जमीन मिळेना. १६७६ मध्ये नॅथॅनियल बेकनच्या बंडात असे गोरे आणि गुलाम काळे एकत्र आले, जेम्सटाउन जाळलं गेलं. त्यानंतरच्या दशकांत जमीनदार अधिकाधिक आफ्रिकी गुलामांकडे वळले आणि १७०५ च्या कायद्याने ती गुलामी पक्की केली. बेकनचा राग मूळ रहिवाशांवरही होता, सीमेवरच्या टोळ्यांवर हल्ले करायला गव्हर्नर बर्कली परवानगी देत नव्हता. कार्डावर यातलं काही नाही, नुसतं 'गव्हर्नरविरुद्धचा उठाव'. मूळ रहिवाशांची कार्डं एकूणच हातावर मोजण्याइतकी. १७६३ च्या प्रोक्लमेशनच्या (ॲपलेशियन डोंगरापलीकडे वसाहत करायला मनाई करणारा राजाचा जाहीरनामा) कार्डामागे, त्याच वर्षी ब्रिटिशांविरुद्ध उठलेला मूळ रहिवाशांचा नेता पाँटिॲक याचं नावसुद्धा नाही.

न्यू जर्सीकर म्हणून एक तक्रार. ट्रेंटन, प्रिन्स्टन आणि मॉनमथ या स्वातंत्र्ययुद्धात इथे झालेल्या तिन्ही लढायांना मिळून एकच कार्ड. आणि १७७६ ते १८०७ या काळात इथे मालमत्ता असलेल्या अविवाहित आणि विधवा बायकांना मत देता येत होतं, त्याचा उल्लेखही नाही.

नववी-दहावीच्या मुलांना तोंडओळखीसाठी डबा पुरेल. 'एपी'ला मात्र सात कागदपत्रं समोर ठेवून निबंध लिहायला लावतात, तिथे कारण आणि परिणाम विचारतात. तिथे नुसत्या व्याख्या कमी पडतात. घेणार असाल तर जुना, वापरलेला डबा शोधा, निम्म्या किमतीत मिळतो. आल्याबरोबर वर्णानुक्रम मोडून कार्डं सालवार लावा. डब्यात काही कोरी कार्डंही येतात. आम्ही त्यातलं एक ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसला दिलं : १७८१ मध्ये यॉर्कटाउनला शरणागती, १७८६ मध्ये हिंदुस्थानात गव्हर्नर-जनरल, १७९२ मध्ये मराठे आणि निजाम यांच्या साथीने श्रीरंगपट्टणला टिपूवर विजय. पाचपैकी साडेतीन तारे.