कोंडलं, डांबलं की ताब्यात घेतलं?

भाषांतर असो की बातमी, ‘आत घालून बंद केलं’ एवढाच अर्थ हाती असतो आणि क्रियापद निवडायचं असतं. शब्दकोशात शेजारी बसलेले हे शब्द गोठ्यात आणि पोलीस ठाण्यात एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

कोंबड्या डालतात, म्हणजे तिन्हीसांजेला डालग्याखाली झाकतात. धनगर मेंढरांभोवती वाघर, म्हणजे जाळं, उभं करतो. गाय-बैल दावणीला. कोंडवाड्यात मात्र दुसऱ्याच्या पिकात शिरलेलं किंवा मोकाट फिरणारं जनावर जातं आणि धन्याने दंड भरला की सुटतं. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यातही हीच रीत. ‘त्याने आपल्या म्हशी कोंडवाड्यात बांधल्या’ असं लिहिलंत, तर गावाकडचा वाचक तिथेच हसेल.

गुराखी गुरं वळतो. त्यात चारणं, राखणं, भरकटलेलं माघारी आणणं सगळं आलं. गाडीवान बैल हाकतो. शेतात घुसलेलं जनावर हाकलतात. एका ‘ल’ने माया संपते, म्हणून मेंढपाळाच्या गोष्टीत मी ‘वळणे’च घेईन.

वेसण बैलाच्या नाकात, लगाम घोड्याच्या तोंडात. खर्चाला दोन्ही चालतात, पण जिभेला लगामच. माझा कानाचा हिशोब असा: उधळलेल्याला लगाम, माजलेल्याला वेसण.

माणसांच्या बाबतीत चूक महागात पडते. ‘खोलीत कोंडलं’ हे रागावलेली आईही करते. ‘डांबून ठेवलं’ म्हटलं की अन्याय झाला, असा निकाल तुम्हीच दिलात. तो द्यायचा असेल तरच वापरा. पोलिसांनी चौकशीसाठी नेलं तर ‘ताब्यात घेतलं’. ‘अटक’ कायद्याची: प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं. ‘स्थानबद्ध’ त्याहून निराळा. पुढे काही करेल म्हणून आधीच अडकवून ठेवणं, आणि तिथे ही २४ तासांची अट लागू नाही. १९७५ च्या आणीबाणीत ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली आत गेलेल्यांना म्हणूनच स्थानबद्ध म्हणतात.

राहिल्या मथळ्यांतल्या लाडक्या मुसक्या. बैलाने पिकाला तोंड लावू नये म्हणून मुसकं बांधतात. माणसाच्या मुसक्या म्हणजे पाठीमागे आवळलेले हात. नुसतं चौकशीला बोलावलेल्या माणसाच्या मुसक्या आवळणारा मथळा माझ्या टेबलावर आला, तर तो परत जातो.