६५ टक्के मेकॅनिकल कीबोर्ड: उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

मे महिन्यात या कीबोर्डचं (६५ टक्के म्हणजे नंबर पॅड आणि वरची एफ-बटणं नसलेला छोटा आकार) 'जे' बटण डबल मारायला लागलं. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण मांडणीत 'जे' म्हणजे र, आणि र शिवाय मराठीची एक ओळ पुरी होत नाही. 'घर'चं 'घरर', 'करार'चं 'कररार'. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, चादरीच्या कारखान्यांची दरपत्रकं असलं काम मी दिवसभर करतो. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना हे परवडत नाही.

विक्रेत्याला फोन केला. सोलापुरात सर्व्हिस नाही, स्वखर्चाने कुरिअर करा म्हणाले. फोटो पाठवले तर उत्तर आलं, आत धूळ गेलीय, वॉरंटीत बसत नाही. सोलापुरात मे महिन्यात धूळ नसलेलं एक दुकान दाखवा! साडेतीन हजार घ्यायचे, वर्षाची वॉरंटी छापायची आणि धुळीवर हात झटकायचे, हा राग अजून उतरलेला नाही.

वाचवलं ते हॉट-स्वॅपने, म्हणजे बटणाखालचा स्विच हाताने काढून बदलायच्या सोयीने. बॉक्समधल्या चिमट्याने कॅप काढली, स्विच उपटला, सोबत आलेल्या जादा स्विचपैकी एक दाबून बसवला. सोल्डरिंग नाही, कुरिअर नाही. हॉट-स्वॅप नसलेला मेकॅनिकल कीबोर्ड आता कोणी स्वस्तात दिला तरी घेणार नाही.

पहिल्या महिन्यात मी याला दोन स्टार दिले असते. होम-एंडची स्वतंत्र बटणं नाहीत, अ‍ॅरो कोपऱ्यात कोंबलेले. ते मत बदललं कॅप्स लॉकमुळे. देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नसतंच, म्हणजे करंगळीशेजारची सगळ्यात सोयीची जागा एक बिनकामाचं बटण अडवून बसलेलं. 'व्हाया' या बटणांची कामं बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन कॅप्स लॉकला लेयरचं बटण केलं. ते दाबून धरलं की एच, जे, के, एल हे डावा, खाली, वर, उजवा अ‍ॅरो होतात. यू वर होम, ओ वर एंड.

व्हिम हा टेक्स्ट एडिटर वापरणाऱ्यांना ही चार बटणं पाठ असतात. बिल जॉयने १९७६ साली व्हिमचा पूर्वज व्हीआय लिहिला तो एडीएम-३ए टर्मिनलवर, आणि त्या टर्मिनलच्या याच बटणांवर बाण छापलेले होते. पण इनस्क्रिप्ट चालू ठेवून व्हिममध्ये ती दाबलीत तर कर्सर हलण्याऐवजी प, र, क, त जातात. व्हिमची स्वतःची कीमॅप सेटिंग आहे, ती तिथे चालते; पण गिऱ्हाइकाची फाइल येते वर्डमध्ये. कीबोर्डच्या मेमरीतला लेयर थेट अ‍ॅरोच पाठवतो, त्यामुळे भाषा कुठलीही असो, वर्ड, नोटपॅड, ब्राउझर सगळीकडे तेच चालतं. मराठी टायपिंग करणाऱ्याने पैसे मोजावेत ते यासाठी.

प्रूफ तपासताना फरक कळतो. 'सोलापुरि' अशी ऱ्हस्व वेलांटी पडलीय. कर्सर शब्दाच्या सुरुवातीला असेल तर विंडोजवर कंट्रोल आणि उजवा अ‍ॅरो मारून पुढच्या शब्दाशी जायचं, एक डावा, मग बॅकस्पेस. बॅकस्पेस फक्त वेलांटी काढतो, र जागेवर राहतो. मग इंग्रजी 'आर' दाबायचं, दीर्घ तयार. अक्षराच्या आधी उभं राहून डिलीट मारलंत तर र सकट सगळं जातं. म्हणून कर्सर अक्षराच्या कुठल्या बाजूला उभा करता याला मराठीत फार किंमत आहे. हे सगळं आता हात माउसकडे किंवा कोपऱ्यात न नेता होतं. अहवालाच्या दिवसांत उजवा खांदा संध्याकाळपर्यंत भरून यायचा, ते थांबलं.

उंची मात्र जास्त आहे. मागचे पाय उघडू नका, मनगट वर मोडतं. मी पुढे जुन्या चादरीची घडी ठेवलीय, विकतच्या रेस्टची गरज पडली नाही.

आवाज, लाइट, ब्लूटूथ ठीक.

चार स्टार. पाचवा सर्व्हिसवाल्यांनी घालवला. जादा स्विच सुटे विकत पाठवायची सोय केली तर तो परत देईन. माझ्याकडे आता एकच शिल्लक आहे.