केवळ यूएसबी कीबोर्ड असलेल्या संगणकावर विंडोज ७ : फोंड्यातील एका दुरुस्ती दुकानाची सेवा

फोंड्याच्या वरच्या बाजारातील एका लहानशा संगणक दुरुस्तीच्या दुकानाने आमच्या गावच्या वाचनालयाचे एक अडलेले काम व्यवस्थित पार पाडले. त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते, कारण अशा कामात नेमके कुठे अडते हे ग्राहकाला सहसा कळत नाही आणि मग धडधाकट कीबोर्ड टाकून नवा घेण्याचा, क्वचित अख्खा मदरबोर्ड बदलण्याचा सल्ला त्याच्या गळी उतरवला जातो.

वाचनालयात जुन्या मराठी मासिकांचे स्कॅनिंग चालते. त्यासाठीचा मोठ्या आकाराचा स्कॅनर आजही उत्तम चालतो, परंतु त्याच्या निर्मात्याने विंडोज ७ नंतर ड्रायव्हर, म्हणजे प्रणालीला उपकरण हाताळता यावे म्हणून लागणारा प्रोग्राम, काढलेलाच नाही. आधीचा संगणक पावसाळ्यात विजेच्या चढउतारांनी निकामी झाल्यावर त्याच्या जागी सहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा, वापरलेला पण सुस्थितीतला डेस्कटॉप आणला. त्याच्या मागे सगळे पोर्ट यूएसबीचे. कीबोर्डसाठीचा जांभळा, गोल पीएस/२ पोर्ट नाही. आयबीएमने १९८७ मध्ये आणलेला हा पोर्ट आता कालबाह्य समजला जातो, पण जुनी प्रणाली बसवताना त्याचीच उणीव भासते.

प्रथम ज्यांच्याकडे काम सोपवले होते त्यांनी विंडोज ७ बसवण्यास सुरुवात तर केली. फाइली उतरल्या, संगणक पुन्हा सुरू झाला आणि वापरकर्त्याचे नाव विचारणाऱ्या पडद्यावर कीबोर्ड व माउस दोन्ही बंद पडले. ‘मदरबोर्ड खराब आहे’ असा निर्वाळा देऊन त्यांनी संगणक परत केला. आमच्यासारख्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेला असा निर्वाळा महागात पडतो.

वरच्या बाजारातील दुकानात तरुण तंत्रज्ञाने पेटी उघडण्याचीही घाई केली नाही. त्याने बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डचा स्वतःचा प्रोग्राम, उघडला, नम लॉकची कळ दाबली आणि कीबोर्डवरचा हिरवा दिवा लागतो-विझतो हे मला दाखवले. मग विंडोज ७ च्या मूळ डीव्हीडीवरून संगणक सुरू केला. भाषा निवडण्याचा पडदा आल्यावर पुन्हा तीच कळ दाबली, तर दिवा होता तसाच राहिला. “काका, कीबोर्ड नवीन घेऊ नका, बोर्डही बदलू नका. दोन्ही ठीक आहेत,” एवढेच तो म्हणाला आणि कारण समजावून सांगू लागला.

बायोसमध्ये कीबोर्ड चालतो, कारण तिथे यूएसबी हाताळण्याची सोय मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे त्यावर कायमच्या बसवलेल्या प्रोग्राममध्येच, असते. विंडोजचा सेटअप सुरू झाला की तो ताबा स्वतःकडे घेतो. पाळी बदलावी, जुना रखवालदार घरी जावा आणि नव्याकडे किल्लीच नसावी, तशी अवस्था तिथे होते. यूएसबी ३.० चे मानक २००८ च्या अखेरीस जाहीर झाले आणि विंडोज ७ बाजारात आले २००९ मध्ये, त्यामुळे यूएसबी ३.० चे पोर्ट हाताळणाऱ्या एक्सएचसीआय कंट्रोलरसाठीचा ड्रायव्हर त्यात मुळात नाही. तो २०१२ च्या विंडोज ८ पासून आला. अनेक वर्षे हे कोणाला जाणवले नाही, कारण इंटेलच्या चिपसेटमध्ये, म्हणजे प्रोसेसरला इतर भागांशी जोडणाऱ्या मदरबोर्डवरील चिपमध्ये, यूएसबी २.० चा जुना ईएचसीआय कंट्रोलरही असे आणि त्याच्या पोर्टला लावलेला कीबोर्ड चाले. २०१५ मध्ये सहाव्या पिढीबरोबर आलेल्या १०० मालिकेच्या चिपसेटमधून हा जुना कंट्रोलर काढून टाकण्यात आला. काही मदरबोर्डांच्या बायोसमध्ये यूएसबी कीबोर्ड हा पीएस/२ असल्याचे प्रणालीला भासवण्याची सोय असते. तंत्रज्ञाने ती आधी शोधली, पण आमच्या संगणकात ती नव्हती.

उपाय एकच उरला, तो म्हणजे इंटेलचा यूएसबी ३.० ड्रायव्हर विंडोजच्या मूळ प्रतीत आधीच घालून ठेवणे. मायक्रोसॉफ्टच्या डिसम या साधनाने ते करता येते, मात्र ड्रायव्हर दोन ठिकाणी घालावा लागतो. बूट डॉट विम या फाइलीत सेटअप असतो, तर इन्स्टॉल डॉट विममध्ये डिस्कवर उतरणारी प्रत्यक्ष विंडोज असते. पहिल्या कारागिरांनी केवळ पहिल्या फाइलीत ड्रायव्हर घातला असावा. पहिला टप्पा सुरळीत पार पडून पुनरारंभानंतर सगळे ठप्प होण्याचे तेच सरळ स्पष्टीकरण आहे. इथे दोन्ही फाइलींत, आणि आमची प्रत ६४ बिटची असल्याने ६४ बिटचाच, ड्रायव्हर माझ्यासमोर घालण्यात आला. नाव विचारणाऱ्या त्याच पडद्यावर या वेळी वाचनालयाचे नाव टंकता आले, तेव्हा झालेला आनंद लपवण्याचे कारण नाही.

या दुकानाची मला सर्वाधिक भावलेली गोष्ट म्हणजे त्यांनी इंटरनेटवर फिरणारी, कोणी तरी ‘तयार’ करून ठेवलेली विंडोजची प्रत वापरली नाही. आमच्याकडची मूळ डीव्हीडी आणि परवान्याची कळ त्यांनी आग्रहाने मागून घेतली. संस्थेच्या संगणकात अनोळखी माणसाने बदललेली प्रणाली घालणे किती धोक्याचे आहे, याची जाण गल्लीतल्या दुकानांत क्वचितच दिसते. विंडोज ७ चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी सुरक्षा अपडेट, १४ जानेवारी २०२० रोजी संपल्यामुळे हा संगणक इंटरनेटला जोडू नये, असेही त्यांनी बजावले आणि नेटवर्कचे कार्ड बायोसमधूनच बंद करून दिले.

सभासदांच्या नोंदींसाठीच्या दुसऱ्या संगणकावर त्यांनी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली बसवली. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, यूएसबी ३.० चा आधार २००९ पासूनच असल्याने तिथे काहीही अडले नाही. डिस्क कूटबद्ध केली असल्यामुळे संकेतशब्द मुख्य प्रणाली सुरू होण्याआधीच द्यावा लागतो, आणि त्या क्षणी कीबोर्डचा ड्रायव्हर हजर नसेल तर संगणक उघडणारच नाही. म्हणून संगणक पूर्ण बंद करून, पुन्हा चालू करून, तो संकेतशब्द मलाच टंकायला लावला. ही दक्षता नव्या प्रणालींसाठीही अनाठायी नाही. ऑक्टोबर २०२५ मधील एका अपडेटनंतर विंडोज ११ च्या दुरुस्ती विभागात यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले होते आणि मायक्रोसॉफ्टला २० ऑक्टोबरला त्यासाठी वेगळे अपडेट काढावे लागले.

उणिवाही आहेत. पावतीवर केवळ ‘विंडोज इन्स्टॉलेशन’ असे लिहून मिळाले. कोणता ड्रायव्हर, कोणती आवृत्ती, याची नोंद मी आग्रह धरल्यावर कागदाच्या मागे लिहून दिली. तयार केलेली पेनड्राइव्ह ग्राहकाला आपणहून देण्याची पद्धत नाही, तीही मागावी लागते. खरे तर पुढच्या वेळी डिस्क बिघडली तर तिचाच आधार असतो. मजुरी दोन्ही संगणकांची मिळून १,२०० रुपये झाली, आणि समजावून सांगण्यात घालवलेला वेळ पाहता ती मला रास्त वाटते. दुकान जेवणाच्या वेळी बंद होते ते चार वाजताच उघडते, तेव्हा शिरोडा, सावर्डे या बाजूंनी येणाऱ्यांनी सकाळीच पोहोचावे आणि संगणकाबरोबर रोजच्या वापरातला कीबोर्ड, मूळ डीव्हीडी व किमान ८ जीबीची रिकामी पेनड्राइव्ह सोबत आणावी.