व्याख्यान द्यावं की पोस्टर लावावं?

रासायनिक अभिक्रिया उद्योगात कशा घडवायच्या, याचं शास्त्र म्हणजे 'रासायनिक अभिक्रिया अभियांत्रिकी'. हे नाव रूढ झालं ते 1957 च्या अ‍ॅमस्टरडॅम परिषदेपासून. पुढे 1970 मध्ये वॉशिंग्टनला याच विषयावरच्या 'इस्क्रे' या आंतरराष्ट्रीय परिषदांची मालिका सुरू झाली. अशा ठिकाणी शोधनिबंध पाठवताना संशोधक विद्यार्थी हमखास अडतो: व्याख्यान मागावं की पोस्टर, म्हणजे काम मोठ्या कागदावर मांडून त्याच्याशेजारी उभं राहणं?

व्याख्यानाने नाव होतं, सभागृह ऐकतं. काम पूर्ण झालेलं असेल, प्रारूप (गणिती मॉडेल) आणि प्रयोग जुळत असतील, तर व्याख्यानच द्यावं. पण प्रश्नांना मिनिटं मोजकीच मिळतात.

पोस्टरचं बळ नेमकं तिथे आहे. समजा, तुम्ही उत्प्रेरकावरच्या अभिक्रियेचा वेग मोजलाय. एखादे ज्येष्ठ आलेखापाशी थांबतात आणि विचारतात, "कण बारीक करून पाहिलेत का?" प्रश्न साधा, पण मर्मावर बोट ठेवणारा. कण बारीक केल्यावर वेग वाढला, तर तुम्ही मोजलात तो निव्वळ अभिक्रियेचा वेग नव्हे. उत्प्रेरकाच्या कणांमधल्या सूक्ष्म छिद्रांतलं विसरण, म्हणजे रेणूंचं आत हळूहळू पसरणं, आड येतंय. ते फारच प्रबळ असेल, तर सक्रियण ऊर्जाही (अभिक्रिया घडायला लागणारी किमान ऊर्जा) खऱ्याच्या जवळपास निम्मीच दिसते. मग तिथेच पेन निघतं, कागदावर समीकरणं उतरतात, अर्धा तास कुठे जातो कळत नाही. (कोरी वही जवळ ठेवाच.)

पोस्टरला दुय्यम मानतात, हे मला मुळीच पटत नाही. पहिल्या परिषदेला, काम अर्धवट असताना, मी पोस्टरच सुचवेन.