जुन्या सिनेमांसाठी काय घ्यावं: साऊंडबार, दोन स्पीकर की पूर्ण ५.१?

(५.१ म्हणजे पुढे तीन, मागे दोन असे पाच स्पीकर आणि खर्जाचा एक वूफर. टिंबाआधीचा आकडा स्पीकरचा, नंतरचा वूफरचा.) हॉल केवढा आहे हा प्रश्न नंतरचा. आधी तुम्ही कुठल्या काळातले सिनेमे बघता ते ठरवा, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो. आज पुण्यात लॉ कॉलेज रोडवर एफटीआयआय ही सिनेमा शिकवणारी संस्था आहे, त्या जागेवरच्या प्रभात स्टुडिओत तयार झालेला ‘संत तुकाराम’ (१९३६) असो की सत्तरच्या दशकातला साधा कौटुंबिक सिनेमा, आवाज मोनो. म्हणजे संवाद, गाणं, पावलं, पाऊस, सगळं एकाच ट्रॅकवर. ‘शोले’ (१९७५) ७० एमएममध्ये सहा ट्रॅकच्या आवाजासह लागला होता, पण तो अपवाद. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’नंतर डॉल्बी स्टिरिओ रुळला. त्यात डावा, मधला, उजवा आणि मागचा असे चार चॅनल दोन ट्रॅकमध्ये गुंफलेले असतात.

आता मोनो सिनेमा दोन स्पीकरवर लावला तर काय होतं? बरोबर मध्ये बसलात तर आवाज पडद्यातून आल्यासारखा वाटतो. सोफ्याच्या टोकाला सरकलात की तो जवळच्या स्पीकरला जाऊन चिकटतो. शिवाय एकच आवाज दोन ठिकाणांहून आल्यामुळे प्रत्येक कानाला तो किंचित पुढेमागे, दोनदा पोचतो आणि २ किलोहर्ट्झच्या आसपासचा भाग दबतो. संवादातली व्यंजनं स्पष्ट व्हायला नेमका तोच भाग लागतो. म्हणून जुन्या सिनेमासाठी खरा मधला स्पीकर, म्हणजे सेंटर, हा चैनीचा भाग नव्हे. माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे त्याच्यावरच घालावेत.

साऊंडबार स्वस्त, सुटसुटीत, भाड्याच्या घरात भिंतीला भोकं न पाडता बसणारा. पण २.१ लिहिलेला घेऊ नका, ३.१ घ्या, त्यात संवादासाठी वेगळा मधला चॅनल असतो. आभासी सराउंड, म्हणजे चहूबाजूंनी आवाज येत असल्याचा भास, मात्र बंद ठेवायचं, मोनो आवाज त्यात पसरट होतो. अॅटमॉसचे, म्हणजे डोक्यावरूनही आवाज आणणाऱ्या डॉल्बीच्या तंत्राचे, जादा पैसे या सिनेमांसाठी वाया.

अँप्लिफायर आणि दोन चांगले स्पीकर हा गाणी ऐकणाऱ्यांचा पर्याय. घरात आधीपासून असतील आणि सिनेमा एकटा किंवा दोघंच बघत असाल, तर नवीन काही घेऊ नका. चारपाच जणांच्या घरात मात्र वर सांगितलेली अडचण रोजची.

रिसीव्हर (टीव्हीचा आवाज घेऊन सगळ्या स्पीकरना वाटून देणारा अँप्लिफायर) आणि ५.१ सगळ्यात महाग आणि सगळ्यात खटपटीचं, पण जुन्या सिनेमाला लागणारी हत्यारं त्यातच आहेत. टीव्हीकडून एआरसीने, म्हणजे एचडीएमआय वायरीतून उलट्या दिशेने, आलेला मोनो सिनेमा बहुधा दोन सारख्या चॅनलच्या रूपात येतो. रिसीव्हरवर ‘डॉल्बी सराउंड’ किंवा जुन्या मॉडेलवर ‘प्रो लॉजिक’ लावलं की तो आपोआप मधल्या स्पीकरमध्ये जातो, आणि डॉल्बी स्टिरिओच्या काळातला सिनेमा असेल तर चारही चॅनल सुटे होतात. त्या काळच्या थिएटरमध्ये वरच्या पट्टीचा आवाज मुद्दाम कापला जाई, त्यामुळे जुना ट्रॅक आजच्या चकचकीत स्पीकरवर खरखरतो. रिसीव्हरचा ट्रेबल उतरवा. डेनॉन, मरांट्झमध्ये ‘सिनेमा ईक्यू’ असतं, तेही लावून पाहा.

पण पाचही स्पीकर पहिल्याच दिवशी कशाला? डॉल्बी स्टिरिओमध्ये मागचा चॅनल एकच, तोही साधारण ७ किलोहर्ट्झपर्यंतच. मागचे स्पीकर साधे चालतात आणि नंतरही आणता येतात. पुढचे तीन एकाच कंपनीचे, एकाच मालिकेतले घ्या. वूफरला मोनो सिनेमात फारसं कामच नसतं. शेजाऱ्यांशी संबंध टिकवायचे असतील तर तोही थांबू शकतो. एकाच खोक्यात पाच चिमुकले स्पीकर भरलेलं स्वस्त ‘होम थिएटर’ मात्र टाळा. त्यातल्या सेंटरपेक्षा बरा साऊंडबार परवडला.

पुण्यातल्या बऱ्याच टूबीएचकेंचा हॉल इंग्रजी एलसारखा असतो. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला जेवणाचं टेबल आणि पॅसेज. मागचा उजवा स्पीकर टांगायला जागाच नसते. अशा घरात ३.० वर थांबलात तरी मोनो सिनेमाचं काही अडत नाही. व्हिट्रिफाइड टाइल्स आणि बाल्कनीची सरकती काच आवाज घुमवतात. सतरंजी आणि जाड पडदे आधी लावा, मगच स्पीकर बदलायचा विचार करा.

डिस्कवर मूळ मोनो आणि नवा ५.१ असे दोन्ही ट्रॅक असतील तर मी मोनो निवडतो. ‘मुगल-ए-आझम’च्या २००४ च्या रंगीत आवृत्तीसारखं आवाजाचं काम प्रत्येक सिनेमाच्या वाट्याला येत नाही, बऱ्याच ठिकाणी नुसता घुमारा चढवलेला असतो.

वायर, कनेक्टर, स्टँड तपकीर गल्लीत, पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, मिळून जातील. स्पीकर मात्र ऐकूनच घ्या. शोरूममध्ये डेमोला स्फोट आणि हेलिकॉप्टर लावतात, वर सगळ्या स्पीकरमधून सारखाच आवाज सोडणारा ‘ऑल चॅनल स्टिरिओ’ही चालू असतो. तो बंद करायला सांगा, पेनड्राइव्हवर नेलेला साठच्या दशकातला एखादा संवादांचा प्रसंग लावा आणि खुर्ची दोन हात बाजूला ओढून बसा. बोलणारा माणूस अजूनही पडद्याच्या मध्येच उभा वाटला तर भावाचं बोलायला हरकत नाही.